चकचकीत मडकं

आई,

तू हौसेनं दिलेल्या त्या चकचकीत मडक्यात मी रोज टोमॅटोचा रस्सा शिजवला. तुझ्या नातीच्या रक्तात शिसं सापडलंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “मडक्याच्या चकाकीतून जेवणात उतरलं.” पोर बोलायला लागली होती, आता नुसती बघत राहते.

काल फोनवर तू विचारलंस, “मडक्यातली चव न्यारीच ना गं?” मी हो म्हणाले.

खरं कळलं तर तू अन्नपाणी सोडशील. पण तूही तसल्याच मडक्यात रांधतेस, आणि वहिनीला दिवस गेलेत. म्हणून हे पत्र फाडून मी स्वतःच येतेय. घासताना तुझं मडकं माझ्या हातून फुटेल. वेंधळी म्हणून खुशाल बोल, मी ऐकून घेईन.

तुझी,
थोरली