न उतरता चढलेला चढ

रविवार, संध्याकाळ. मिरज, बाबांकडे.

पुण्याहून निघताना सायकल गाडीमागे बांधली तेव्हा घरचे हसले. पण एवढं ड्रायव्हिंग करून कंबर माझी धरते, त्यांची नाही. कराडच्या पुढे एक कच्ची वाट डोंगराकडे जाते. कित्येकदा गाडीतून नुसती पाहिलेली. आज ढाब्यावर गाडी लावली, सायकल काढली आणि घुसले. आधी दोन्हीकडे ऊस, मग लाल मुरमाचा उभा चढ. पायथ्याशी एक शेतकरी भेटले.

"ताई, गाडी बंद पडली व्हय? ट्रॅक्टर आणू का?"

"नाही दादा, मुद्दाम आलेय."

"चढाला? मुद्दाम?"

ते बघतच उभे राहिले, म्हणून तरी मला उतरता येईना. वरपर्यंत गेले. पन्नाशीत, न उतरता. एवढं काय त्यात? आहे. परत लिहिते, न उतरता.

इथे पोचल्यावर बाबांनी आधी चाकं पाहिली. शेवटी फौजेतला माणूस. लाल मुरमावरून बोट फिरवलं.

"मधी उतरलीस?"

"नाही."

मी चाकं धुवायला बादली आणली, तेव्हा बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ दे. सकाळी आमची फिरायची मंडळी येतील, त्यांना बघू दे."