पाचवा कोरा कागद

मी, शामराव दौलत गणवीर, वय बहात्तर, रेल्वेचा निवृत्त फिटर, राहणार शंकर नगरच्या मागचा पारा, म्हणजे वस्ती, रायपूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण नुसत्या माझ्या शब्दावर कोणी विसंबेल असे मला वाटत नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. घरात कोणी वकील नाही. दार आतून लावले आहे.

१. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या सहीचे दुसरे एखादे निघाले, तर त्यावर तारीख कोणतीही असो, ते खोटे समजावे. सही खरी असेल. मजकूर खोटा असेल. हे कसे, ते लिहून ठेवणे भाग आहे.

रायपूर राजधानी झाले आणि आमच्या पाऱ्यातल्या जमिनींना एकाएकी नवे मालक फुटले. माझ्या घरामागच्या अंगणावर शेजारच्या बांधकामवाल्याने हक्क सांगितला. मी २००३ साली दावा लावला. वकील शालिग्राम, कार्यालय सदर बाजारात, एका सराफाच्या दुकानावर. ते मला काका म्हणत. पहिल्याच दिवशी त्यांनी वकीलपत्रावर सही घेतली आणि पाच कोरे कागद पुढे केले.

"यहाँ, नीचे दाहिनी तरफ। हर पेशी में ड्यूटी छोड़ के आओगे क्या काका? अर्जी लगानी होगी तो हम लगा देंगे।"

सगळेच अशील अशा सह्या करत होते. माझ्या आधीच्या माणसाने पुरा गठ्ठा सही करून दिला. त्या मानाने मी स्वतःला सावध समजलो.

घरी येऊन पत्नीला, कांताबाईला, सांगितले.

"कोऱ्या कागदावर? काहून?"

"तिथली पद्धत आहे."

"तुमचे बाबा अंगठा लावत. पण दोनदा वाचून घेतल्याबिगर बोट शाईले लागू देत नव्हते. अन् तुम्ही शिकलेसवरले!"

मी तिला गप्प बसवले.

२००९ साली तडजोडीचा अर्ज दाखल झाला. मागचे अंगण मी राजीखुशीने सोडले, असे त्यात होते. खाली उजवीकडे माझी सही होती. न्यायाधीशांनी कागद माझ्याकडे वळवला.

"दस्तखत आपके हैं?"

"जी, पर..."

"हैं या नहीं?"

"हैं।"

पुढचा पुकारा झाला.

मी आणखी तीन वकिलांकडे गेलो. तिघांनी चहा पाजला. तिघांनी अंगणाच्या आधी वकिलाचे नाव विचारले. नाव ऐकून एकाने माझे कागद नीट जुळवून परत दिले. "शालिग्राम भैया के खिलाफ? काका, रोज का उठना-बैठना है।" बिलासपूरला हायकोर्टातल्या वकिलाने बसायला खुर्ची देण्याआधी सहीसाठी कागद पुढे केला. मी पेनाला टोपण लावले आणि मिळेल त्या गाडीने परत आलो.

नकला काढल्या. तीन कागद तारीख वाढवून मागण्यात गेले होते, चौथा तडजोडीत. पाचवा कुठे, असे मी शालिग्राम यांना विचारले.

"पाँचवाँ? चार ही तो थे। काका, अब उमर हो गई आपकी।"

कांताबाई तेव्हा हयात होती. कोऱ्या कागदांची आठवण तिने काढली असती तर सोपे गेले असते.

२. त्या दिवसापासून मी कशावरही सही केलेली नाही. बँकेत अर्ज देऊन पेन्शनचे खाते अंगठ्यावर करून घेतले. खिडकीमागची पोट्टी हसली.

"दादा, बगल में अखबार, और अंगूठा?"

"हव," मी म्हणालो.

माझे वडील रेल्वेत गँगमन होते. पगाराच्या दिवशी त्यांचा अंगठा निळा असे. मी पाटीवर नाव गिरवत असताना ते समोर उकिडवे बसत आणि म्हणत, "लिही. अंगठा माह्यापाशीच संपला पायजे." माझ्या पहिल्या पगाराला ते सोबत आले होते. मी सही केली ती त्यांना वाचता येत नव्हती. तरी त्यांनी पुष्कळ वेळ पाहिली.

मी अंगठ्यावर परतलो, हे पाहायला ते नव्हते. बरे झाले.

३. राहते घर, उरलेल्या जागेसह, माझी मुलगी अपर्णा हिला द्यावे. शाळेची नोकरी सांभाळून तिने आईचे आजारपण काढले. तिला दुसरे घर नाही. पाचवा कागद निघाला तर रस्त्यावर येणार आहे ती.

४. बँकेतली शिल्लक मुलगा बुद्धभूषण याची. भिलाईत त्याचे स्वतःचे घर आहे. तो मला म्हणाला होता, "बाबा, बेच दो। झंझट खतम।" हे त्याला कोणी शिकवले? शालिग्राम यांच्या मुन्शीसोबत चहा पिताना मी त्याला पाहिले आहे. तो म्हणतो, पाचव्या कागदाचीच चौकशी करत होतो. तसे असेलही. मी त्याच्याकडे बघतो तेव्हा मला तो चहाचा ग्लास दिसतो. माझा संशय चुकीचा असेल तर त्याने मला क्षमा करू नये. घर मात्र अपर्णाचेच राहील.

माझी फिटरची हत्यारे, पाने आणि व्हाइसही, बुद्धभूषणची. त्यांची निगा त्याला ठाऊक आहे. तेवढ्यापुरता माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास आहे.

५. वडिलांनी घेऊन दिलेला पेन अपर्णाचा. आधी मजकूर, मग सही. उलट कधी नाही. समोरचा काका म्हणो की दीदी.

६. शालिग्राम यांना मी काही देणे लागत नाही. मात्र ते पाचवा कागद कोराच घेऊन आले, तर अपर्णाने त्यांना आत घ्यावे, खुर्ची द्यावी, चहा द्यावा. काही बोलू नये. ते गेल्यावर सही तेवढी कापून घ्यावी आणि बाकीचा कागद जाळावा. सही घरात राहू द्यावी. ती माझ्या वडिलांनी मला दिलेली आहे.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी अपर्णाने करावी. कोर्टात जावेच लागले तर वकील परगावचा करावा, आणि त्याच्यावरही नजर ठेवावी.

मला लिहितावाचता येते. तरी खाली अंगठा आहे. त्याचे कारण वर दिले आहे.

निशाणी, डाव्या हाताचा अंगठा: शामराव दौलत गणवीर

साक्षीदार:

१. अच्युत रामटेके, निवृत्त रेल्वे कर्मचारी. (सही)

२. वनमाला खोब्रागडे, शेजारीण, निवृत्त परिचारिका. (सही) शामरावभाऊंच्या सांगण्यावरून माझ्या हाताने लिहिते. शाईचा पॅड उघडण्याआधी त्यांनी हे कागद माझ्याकडे दिले आणि वाचायला सांगितले. मी म्हटले, "भाऊ, तुमच्याच हातचं आहे. तुमाले काय वाचून दाखवू?" ते म्हणाले, "तरी वाच." मी सगळे वाचले. ते म्हणाले, "आणखी एकदा." मी दुसऱ्यांदा वाचले. मग त्यांनी अंगठा लावला.

रायपूर, दि. ९ ऑगस्ट २०१७