गोगलगायीचा डाव

३ मार्च
काढलं मला. ग्रुप कप्तानाचा, पण पाच वर्षं स्पर्धा भरवल्या मी. कोण कोणाशी खेळणार त्याच्या चिठ्ठ्या काढणं, वेळापत्रक, हरलेल्यांचे रुसवेफुगवे — सगळं. आणि त्यानं दोन ओळींत निकाल लावला. ‘चिठ्ठ्यांमध्ये हातचलाखी होते अशी तक्रार आली आहे. यापुढे तिने स्पर्धा भरवू नयेत.’ बेचाळीस जणांसमोर! तक्रार कोणाची, ते सांगणार नाही म्हणे. सांगेल कशाला? ती त्याचीच असणार.
मीच ग्रुप सोडला.
नवरा म्हणाला, गाड्यांच्या शर्यतीचा एक जुनापुराणा गेम, त्याचं एवढं काय मनाला लावून घेतेस. त्याच्याशी अबोला.

४ मार्च
दातांच्या लॅबमध्ये कवळी घासताना दोन दात जास्तच झिजवले. डोक्यात कप्तान. डॉक्टरीणबाईंनी ती परत पाठवली.
ताईचा फोन. तीही खेळते ग्रुपमध्ये. म्हणाली, झालं ते झालं, पण आता पुन्हा तिकडे फिरकू नकोस.

९ मार्च
फिरकले. नव्या नावानं — गोगलगाय. पोटात पाय असलेली.
माइक बिघडलाय, फक्त लिहीन, असं सांगितलं. ताईलासुद्धा पत्ता नाही. भरवणाऱ्यानं स्वतः खेळायचं नाही, हा माझाच नियम होता, त्यामुळे माझी गाडी कोणी पाहिलेलीच नाही. आता कप्तान भरवणार आणि खेळणारही! बरंच झालं. शेवटच्या शर्यतीत त्याला हरवायचं आणि सगळ्यांदेखत नाव सांगायचं. बस.

१७ मार्च
जेवणाच्या सुट्टीत प्लास्टरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसते. डबा तसाच परत. बोटांना मेण चिकटलेलं असतं, बटणं बुळबुळीत होतात. आज धरणाच्या ट्रॅकवर सात वेळा पाण्यात गेले.

२५ मार्च
कप्तान मला शिकवतोय. स्वतःहून! तीन वळणं सलग येतात तिथे तू ब्रेक लवकर दाबतोस मित्रा, म्हणाला. तासभर माझ्या पुढे हळूहळू गाडी चालवून दाखवली. दिवसभर लिफ्ट दुरुस्त करून आला होता बिचारा.
बिचारा कसला! शिकव बाबा. तुझ्याच काठीनं तुझं डोकं फोडणार आहे.

२ एप्रिल
आज वेळापत्रकात त्यानं घोळ घातला. नर्सबाईंची शर्यत नेमकी त्यांच्या ड्युटीच्या वेळेत. मी मनात हसले. मग त्यानं लिहिलं — ‘आधी एक बाई सगळं बघायच्या. त्यांच्या वेळी असं एकदाही झालं नाही.’
वाचून तळपायाची आग मस्तकात गेली. गळा कापून वर कौतुक!

१२ एप्रिल, रविवार
जिंकले. अर्ध्या गाडीनं. त्या तीन वळणांवरच त्याला मागे टाकलं.
नाव सांगणारा मेसेज लिहून तयार होता. एवढ्यात त्याचाच आला. अभिनंदन केलं आणि म्हणाला, मला हे भरवणं झेपत नाही, आता सगळा ग्रुपच गोगलगायीनं सांभाळावा. सगळ्यांनी होकार दिला. ताईनं तर पहिला!
माझा मेसेज मी पुसला. याहून झकास काहीतरी सुचलं.

१३ एप्रिल
त्याला काढलं. सकाळी, कामावर जायच्या आधी, उभ्या उभ्या. शब्द त्याचेच वापरले — ‘तक्रार आली आहे.’ कोणाची, ते सांगणार नाही. खाली माझं खरं नाव.
त्याचं खासगीत एका ओळीचं उत्तर आलं — ‘बरं. पुढच्या स्पर्धेच्या चिठ्ठ्या तुम्हीच काढा, लोकांना आवडेल.’
आज कवळी पहिल्या फटक्यात बसली. डबाही संपवला.

१४ एप्रिल
ग्रुपच्या चाव्या आता माझ्याकडे, म्हणून तक्रारींची जुनी पेटी उघडली. मार्चमधली एकच. ताईची. दोन वर्षांपूर्वी मी चिठ्ठी बदलली होती, असं लिहिलंय.
खालीच कप्तानानं विचारलंय, आधी त्यांच्याशी बोलू का? ताईचं उत्तर — ‘नको. माझं नाव कुठेही यायला नको.’
चिठ्ठी मी बदलली होती. एकदाच. ताई दर वेळी पहिल्याच राउंडला हरून रडायची म्हणून.