नवा तक्ता

प्रिय चिमे,

"ताई, फळ्यावरच्या प्रत्येक अक्षराला सावली आहे गं." चौदा वर्षांची होतीस तू, जेवताना म्हणाली होतीस. मी हसले. मैत्रिणीसारखी सोनेरी काड्यांची फ्रेम हवी म्हणून ही नाटकं, असं सगळ्यांसमोर सांगून मोकळी झाले. आत्याने तर, तोंड धुऊन ये म्हणजे सावल्या जातील, असा टोमणा मारला. तू ताटावरून उठून गेलीस.

दुसऱ्या दिवशी बाबांनी आपल्या चष्म्याच्या दुकानात पहिल्यांदाच मला एकटीला डोळे तपासू दिले आणि खुर्चीत तू येऊन बसलीस, फुरंगटलेली. अक्षरांचा तक्ता तू धडाधड शेवटच्या ओळीपर्यंत म्हणालीस. मी कार्डावर 'दृष्टी उत्तम' लिहिलं. बाबांनी माझी पाठ थोपटली. पुढे नकाशे काढायचं तुझं काम सुटलं, उजव्या बुबुळावर पांढरा डाग पडला, आणि तू माझ्याशी बोलेनाशी झालीस. मी मात्र अजून त्याच दुकानात बसून लोकांना विचारते, आता नीट दिसतंय का?

गेल्या महिन्यात तुझी लेक दुकानात आली. तुला न सांगता आली, तिला रागावू नकोस. सतरा वर्षांची पोर, डोळे चोळत खुर्चीत बसली, आणि मी भिंगांमागून भिंगं बदलत राहिले तरी तिला एका अक्षराची दोन अक्षरं दिसत होती. मी तिला नेत्रशल्यविशारदांकडे नेलं. तिच्या डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतो आहे. त्या पडद्याच्या जाडीत नखाच्या कडेएवढी पारदर्शक कमान बसवतात, म्हणजे आकार बराचसा सावरतो. चष्मा सुटेलच असं नाही, पण दिसणं सुधारेल. पडदा फार पातळ झाला किंवा मधोमध डाग पडला, की मग ती बसवता येत नाही. डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का? मी खाली मान घालून 'हो' म्हटलं.

तू या शस्त्रक्रियेच्या संमतीवर सही करायला तयार नाहीस, हे तिनेच सांगितलं. तू तिला म्हणालीस म्हणे, "मी हट्टाने तक्ता पाठ म्हणून दाखवला, ताईला फसवलं, चष्म्याविना डोळे ताणले आणि माझं मी ओढवून घेतलं. तुझं तसं काही नाही, तुझं चष्म्यावर भागेल."

चिमे, तू मला फसवलं नव्हतंस. जुना तक्ता पिवळा पडला म्हणून बाबांनी त्याच सकाळी नवा लावला होता. वरचं मोठं अक्षर तेवढं सारखं होतं. बाकी तू म्हणालीस ते सगळं जुन्या तक्त्यावरचं, लहानपणापासून पुसून पुसून तुला पाठ झालेलं. समोरचं एकही अक्षर तुला नीट दिसत नव्हतं, आणि ते मला पहिल्या दोन ओळींतच कळलं. तरी मी लिहिलं 'उत्तम'. आदल्या दिवशी सगळ्यांसमोर बोललेलं खोटं पडू नये, एवढ्यासाठीच. तेव्हा ही कमान नसेलही, पण तुला कुणी खोटारडी तरी म्हटलं नसतं. आणि तू इतकी वर्षं स्वतःला बोल लावत राहिलीस. मी ते लावू दिले.

हा आजार आहे, तुझ्या हट्टाची शिक्षा नाही. एवढं कळावं म्हणून हे पत्र. शस्त्रक्रियेसाठी गुरुवारची वेळ मिळाली आहे. माझ्यावरचा राग माझ्यावरच ठेव आणि लेकीसाठी सही कर. त्यानंतर काही आठवडे तिच्या डोळ्यांत दिवसातून चार वेळा थेंब घालावे लागतील. तुला तो बारीक थेंब नीट दिसणार नाही. मला येऊ देशील? थेंब घालीन आणि एक शब्द न बोलता निघून जाईन. तू दार उघडणार नाहीस, ठाऊक आहे. तरी विचारते.

तुझीच,
ताई