नाताळची गल्ली आणि जिनिंगची भिंत

आबा,

नाताळच्या दिवशीची आपली गल्ली कागदावर काढायला घेतली आहे आणि तुम्हाला कुठं उभं करावं ते काही सुचत नाही. परवा माय येते आहे जळगावहून. धाकटा भाऊ तिला घेऊन येईल, त्या कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीतून, म्हणजे वाटेत कुठं तरी बंद पडणार हे ठरलेलंच. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. दिवाळीत मला म्हणाली, डोळे पुरते जायच्या आधी एकदा आपली गल्ली दाखव. आता कुठली गल्ली दाखवू? तुम्ही गेल्यावर थोड्याच वर्षांत मालकानं त्या खोल्या पाडल्या आणि तिथं कापसाची वखार बांधली. पण मी मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते ना, तेव्हा तिला वाटतं हिच्या हातचा मळ. आणि मी शहाणी, हो म्हणून बसले.

बाकी सगळं उतरलं, आबा. मायनं शेणानं सारवलेलं अंगण, दारादारात तळलेल्या चकल्या, पाटीत भरून फडक्याखाली ठेवलेल्या. शेजाऱ्यांचा दिवाळीतला आकाशकंदील आपण मागून आणायचो आणि नाताळला चांदणी म्हणून टांगायचो, तोही आला. टाळ-मृदंग घेऊन घरोघर भजनं म्हणत फिरणारी मंडळी आली, पाद्रीसाहेब सगळ्यांच्या मागे, सूर चुकवत. आणि कौलांवर, लिंबावर, चांदणीवर कापसाची रुई. डिसेंबरात समोरचा जिनिंगचा कारखाना भरात असायचा, धुरांड्याशेजारून तंतू उडायचे आणि सगळी गल्ली पांढरी व्हायची. काल शाळेतल्या पुण्याच्या बाई डोकावल्या आणि म्हणाल्या, वा, बर्फ छान जमलाय. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, बाई, ह्या बर्फानं माझा बाप खोकून खोकून गेला. बिचाऱ्या चहा न घेताच गेल्या. नंतर वाईट वाटलं, पण तेव्हा तोंडाला लगाम राहिला नाही. तुमच्यावरच गेलेय, माय म्हणते.

अडलंय ते तुमच्यापाशी. कारण खरं सांगायचं तर तुम्ही नाताळला गल्लीत नसायचातच. हंगामात जिनिंग नाताळासाठी बंद राहत नसे. आपल्यासारखी चार ख्रिस्ती घरं सोडली तर तिथं नाताळ होता कुणाला? एका वर्षी मी करंज्यांचा डबा घेऊन जिनिंगच्या फाटकापर्यंत आले होते. नवा परकर होता माझा. तुम्ही नाकातोंडावर फडकं बांधून पंज्यानं कापूस ओढत होता. मला पाहिलं आणि पंजा टाकून धावत आलात. मला वाटलं उचलून घ्याल. तुम्ही म्हणालात, "आठे येवानं नही. घर जाय." इथं यायचं नाही, एवढंच. डबासुद्धा हातात घेतला नाहीत. त्या करंज्या मी रस्त्यात बसून एकटीनं खाल्ल्या, रडत रडत, आणि रात्री तुम्ही कापसाच्या गठाणींवर छाप मारायची काळी शाई पत्र्याच्या झाकणात आणून माझ्यापुढं ठेवलीत तरी बोलले नाही. शाई मात्र घेतली. पहिलं चित्र त्याच शाईचं, त्यात लिंबाचं झाड आहे, माणूस नाही.

म्हणून आता भीती वाटते. भजनी मंडळीत तुम्हाला टाळ देऊन उभं केलं होतं. पुसलं, कारण माय खोटं चटकन ओळखते. दारात बसवलं, तेही पुसलं. तिथला कागद आता इतका पातळ झालाय की पाण्याचा थेंब पडला तर भोक पडेल, आणि लढाईमुळं असा दुसरा कागद धुळ्यात मिळत नाही. तुम्हाला गाळलं तर ती काय म्हणेल? आणि घातलं तर? दोन दिवस झाले, घास गोड लागत नाही.

माय आली, आबा. पत्र इथंच ठेवून उठले होते, ते आज हातात घेतेय. आल्या आल्या तिनं पाणीसुद्धा नको म्हटलं. चित्र घेऊन खिडकीत उन्हाला बसली, नाक कागदाला लावून, एका टोकाकडून हळूहळू सरकत. चांदणीपाशी हसली. मग म्हणाली, "तुना बाप कोठे शे?" मी म्हटलं, ते कुठं असायचे नाताळला. तिनं जिनिंगची भिंत बोटानं चाचपली. आपल्या खोलीसमोरच्या भिंतीवर, लिंबाच्या फांदीखाली, बोट थांबलं. "आठे काढ त्याले."

मग तिनं सांगितलं. दर नाताळला दुपारच्या सुट्टीत तुम्ही आतून गठाणींवर चढून भिंतीवरून बघायचात. माय पदराआडून वर करंज्या द्यायची, तुम्ही तिथंच उभ्यानं खायचात आणि आम्ही नव्या कपड्यांत गल्लीभर पळताना बघत राहायचात. आम्हाला सांगायचं नाही अशी तुमची ताकीद. पोरं ओरडली तर मुकादमाला कळेल, काम जाईल. आणि पोरांना एकदा ठाऊक झालं की ती आत घुसतील, त्या धुळीत. माय म्हणाली, तुला परत पाठवलं त्या दिवशीही तो तिथं आला होता, पण तू काही गल्लीत दिसली नाहीस.

आता सकाळपासून ती विचारतेय, काढलं का. तिला एवढं बारीक दिसत नाही, नुसती काळी भिंत दिसते. मी तासभर कुंचला धरून बसले होते. तुमचं फडकं बांधलेलं तोंड मला येतं, खोकतानाचं येतं, रागावलेलं तर डोळे मिटून काढीन. पण आमच्याकडं बघतानाचं तुमचं तोंड मी कधी पाहिलंच नाही, आबा. मायला मी सांगितलंय, हो, काढलं. ती त्या जागेवर बोट ठेवून बसली आहे, आणि तिच्या बोटाखाली नुसती भिंत आहे.