काटा साठावर हवा

आदरणीय व्याहीबुवांस सविनय नमस्कार.

आपले गुडघे कसे आहेत? माझे आहेत, एवढंच म्हणता येईल. विहीणबाईंना नमस्कार सांगावा (पत्र मात्र दाखवू नये).

आपली कन्या, म्हणजे आमची सून, कामाच्या प्रशिक्षणासाठी तीन आठवडे बाहेरगावी गेली आणि आपण हौसेने दिलेलं ते ऑर्किड माझ्या गळ्यात बांधून गेली. चार वर्षं या बयेने नुसती पानं दाखवली. आता तीन कळ्या धरल्या, त्याही नेमक्या सूनबाई घरात नसताना. सोबत हवेतला दमटपणा मोजायचं घड्याळासारखं यंत्र. काटा साठावर हवा म्हणे. माझा रक्तदाब कितीवर हवा, हे या घरात कुणी कधी विचारलं नाही.

काटा पहिल्या दिवसापासून चाळिसावर. कुंडीखाली खडे पसरून त्यांत पाणी ओतलं. ओले टॉवेल खुर्च्यांवर टाकले (चिरंजीव ऑफिसच्या पँटसकट त्यांवर बसले, बोलणी मी खाल्ली). किटली उकळत ठेवली, तर चष्मा दमट झाला, हवा नाही. रोपवाटिकेवाला म्हणतो, काका, आधी पंखा बंद करा. म्हणजे मी उकडून मरावं आणि याच्या झुडपांनी फुलावं. मी पंखा बंद केला नाही.

सूनबाई रोज संध्याकाळी फोनवर काटा विचारते. मला खोटं बोलता येत नाही. म्हणून त्या वेळेला मी यंत्र तोंडाशी धरतो आणि त्यावर श्वास सोडत बसतो. काटा पासष्टावर जातो. जो आकडा दिसतो तोच सांगतो. ती म्हणते, "बाबा, तुमच्यावर सोपवलंय म्हणून मी निर्धास्त आहे." मग मी रात्री उठून कळ्या मोजतो.

काल एक कळी गळली. इतकं नाजूक होतं तर जंगलातच राहायचं, आमच्या बैठकीच्या खोलीत कशाला तडफडलं?

कळावे,
आपला काळजीने अर्धा झालेला व्याही

ता. क. एक नव्हे, दोन गळल्या. डिंकाने चिकटवल्या आहेत. लांबून बऱ्या दिसतात.

आणखी ता. क. आपल्याकडच्या जुळ्या रोपाशी अदलाबदल करावी असं मनात आलं होतं. पण सूनबाईला पानंसुद्धा ओळखू येतात. तेव्हा कुंडी आणू नये, आपण स्वतः यावं. ती रविवारी सकाळी येते. रागावणार नाही, ठाऊक आहे. "असू द्या, बाबा" एवढंच म्हणेल. ते मला एकट्याने ऐकवणार नाही.