पोच-वहीतले अंगठे

४ नोव्हेंबर
त्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं होतं. मी हंडे भरले, अंगण झाडलं, नवऱ्याच्या, राजकुमारच्या डब्यात भाकरी आणि ठेचा बांधला. दुपारी दवाखान्यातून तो गेल्याचा निरोप आला. त्याला दोन वर्षं झाली. आजची सकाळही तशीच गेली, फक्त डबा माझा बांधला.

नोकरी लागली! वाळूजला मंदार सरांचं गोदाम आहे. भांड्यांचा तेलकटपणा काढणारं लिक्विड ड्रममधून कॅनमध्ये भरून विकतात. मला स्वतंत्र टेबल आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाला मालाच्या धोक्याची माहिती देणारं पत्रक द्यायचं आणि पोच-वहीत सही किंवा अंगठा घ्यायचा. पत्रक इंग्रजीत आहे. माझी शाळा चौथीपर्यंत. बाकीचं मी विहाराच्या वाचनालयात बसून शिकले, शब्दकोश उघडून इंग्रजीसुद्धा. कॅन भरणारी कडूबाई म्हणाली, आल्या बघा कलेक्टरीणबाई, आता आमाला कोन इचारतं! दोघी खूप हसलो.

९ नोव्हेंबर
पत्रक आज पूर्ण वाचून झालं. ते भलत्याच मालाचं आहे. सौम्य साबण, हाताला अपाय नाही, असं त्यात लिहिलंय. मूळ नावावर पांढरी शाई लावून आमच्या मालाचं नाव टाकलंय. ड्रमवर कारखान्याचं खरं पत्रक चिकटवलेलं आहे. त्यात आहे: त्वचा जळते. जाड रबरी हातमोजे घाला. अन्नाच्या भांड्यांना वापरू नका.

सरांना विचारलं. ते हसले. म्हणाले, ताई, आजवर कुणी वाचलंय का ते? अंगठा उठला की आपण सुटलो.

१४ नोव्हेंबर
पोच-वहीची मागची पानं चाळली. पिशोरच्या मनकर्णाबाई दर महिन्याला माल नेतात. लग्नाच्या पंगतींची भांडी घासणाऱ्या दहा बायकांच्या त्या मुकादम. त्यांचा जूनचा अंगठा स्पष्ट आहे, एकेक रेघ मोजता येते. ऑगस्टमध्ये मधल्या रेघा गेल्या. ऑक्टोबरला नुसता गुळगुळीत जांभळा डाग. डागाला काहीतरी चिकटलं होतं. नखानं सोडवलं. कांद्याच्या पापुद्र्यासारखं पातळ.

त्यावर रेघा होत्या.

डबा तसाच परत आणला.

१६ नोव्हेंबर
एकट्या त्यांचंच नाही. वैजापूरचा आचारी, फर्दापूरचा हॉटेलवाला, सगळ्यांच्या पानांवर पापुद्रे. उन्हानं वाळून कडा वर आल्यात. वहीला गोडसर, आंबूस वास येतो. हात चारदा धुतले. वास जात नाही.

१८ नोव्हेंबर
कडूबाईचा अंगठा हजेरीच्या मशीनवर उठेना. ती म्हणाली, मशीन वळखत नाय बये, मी मेले का काय? तळवे दाखवले. उकडलेल्या बटाट्याची साल सुटावी तसे. त्याच हातानं तिनं भाकरी मोडली आणि प्रेमानं अर्धी मला दिली. घेतली. तोंडात घातली. गिळवेना—

२० नोव्हेंबर
मनकर्णाबाई आल्या. मी त्यांचा अंगठा धरून शाईवर टेकवला. मऊ. फार मऊ. कागदावरून उचलला तेव्हा सगळा उचलला गेला नाही—

त्या ओरडल्या नाहीत. दुखत नाय वं ताई, म्हणाल्या, आता कायबी कळत नाय. परवा एका पंगतीत वरणात साल निघाली, पाव्हणे म्हणले टमाट्याची. आमी बी म्हणलं, व्हय, टमाट्याचीच. आणि हसल्या.

२१ नोव्हेंबर
पिशोरला उद्या पंगत आहे. पाचशे पानं. कालचा माल तिकडंच गेला, त्याच पत्रकासह. मीच दिलं ते. मीच अंगठा घेतला.

आज स्वतःचा अंगठा उठवून पाहिला. मध्ये रेघा नाहीत. मी तर फक्त वही हाताळते. फक्त वही—

निघताना ड्रमवरचं पत्रक सोलून पिशवीत घातलं.

२२ नोव्हेंबर
गोदामात गेले नाही. पत्रक मराठीत उतरवलं आणि पिशोरची पहिली गाडी धरली. बायका कढया घासत होत्या, कोपरापर्यंत हात आत. मी मोठ्यानं वाचलं, त्वचा जळते. कुणी थांबलं नाही. पुढची ओळ वाचली. मग मनकर्णाबाईंनी कढईतून हात बाहेर काढला आणि त्या हाताला कातडीच उरली नव्हती.